इसक्कियम्माळ आणि वाऱ्याचं वेळापत्रक

ज्या दिवशी मी इसक्कियम्माळचं यंत्र बंद पाडलं, त्या दिवशी मी डोक्यावरून अंघोळ केली होती, कोरी वेष्टी नेसली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले होते आणि हातात चंदनाची वाटी होती. एखाद्याच्या कामाचं वाटोळं करायला निघताना माणसानं जितकं पवित्र असावं, तितका मी होतो.

दिवस आयुधपूजेचा, आपल्या खंडेनवमीचा. आमच्या तूत्तुकुडीत त्या दिवशी कुठलंच अवजार कामाला लावत नाहीत. लॉऱ्या धुऊन उभ्या, न्हाव्याच्या कात्र्या पाटावर, मिठागरातली फावडी गंध लावून भिंतीला टेकलेली. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विश्रांती. कॉलेजच्या रसायन विभागात ही विश्रांती वाटण्याचं काम माझ्याकडे असतं, कारण मी विभागाचा स्टोअरकीपर. मिरज सोडून इथं आलो त्याला इतकी वर्षं झाली, की आता मी चिडतोसुद्धा तमिळमध्ये. तर त्या दिवशी मी खोल्याखोल्यांतून फिरलो. तराजूला टिळा, फ्रिजला टिळा, भट्टीला टिळा, आणि प्रत्येकाचा खटका बंद.

शेवटच्या खोलीच्या दारावर एक पुठ्ठा होता. 'चालू आहे. बंद करू नये.' तो मी वाचला नाही असं नाही. पण शेवंतीचा हार अडकवायला दाराला खिळा तो एकच. हार लावला, पुठ्ठा हाराखाली गेला, आणि हाराखाली गेलेल्या गोष्टीला आपण नमस्कार करतो, तिचं ऐकत बसत नाही. आत टेबलावर काचेच्या भांड्यात पोटॅशचं पाणी, त्यात समोरासमोर बुडवलेल्या दोन प्लेटा. एकीवरून हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीवरून ऑक्सिजनचे. ते बुडबुडे बरेच दिवस अखंड चालले होते. मी वीज पुरवणाऱ्या डब्याला चंदन लावलं, वर कुंकू लावलं, मनात म्हटलं, बाबा रे, तूही दमला असशील, आणि बटण दाबलं.

बुडबुडे थांबले. खोलीत इतकं शांत वाटलं, की मला वाटलं देवाला पोचलं.

आता ही इसक्कियम्माळ कोण ते सांगतो. आमच्या विभागात संशोधन करणारी बाई. वयानं चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, केसात रोज ताजा मोगरा, बसमध्ये रोज त्याच खिडकीशी. त्या खिडकीत दुसरं कुणी बसलं तर भांडत नाही, शेजारी उभी राहून बघत राहते. माणूस आपोआप उठतो. आधी ती कोविलपट्टीला शाळेत दहावीला रसायन शिकवायची. पाण्यातून वीज नेली की हायड्रोजन सुटतो, हा प्रयोग पुस्तकात होता आणि त्याला लागणारी प्लॅटिनमची तार हेडमास्तरांच्या कपाटात होती, कुलपात. तार महाग, म्हणून वर्षानुवर्षं तिचं कुणी तोंड पाहिलं नव्हतं. इसक्की पेन्सिलीच्या शिशावर प्रयोग दाखवायची आणि दरवर्षी कुलपाकडे बघून दात-ओठ खायची. शेवटी तिनं नोकरीतून रजा काढली आणि आमच्याकडे येऊन थेट ज्ञानदुरै सारांच्या समोर बसली. म्हणाली, कुलपात ठेवावा लागणार नाही असा धातू मला करायचाय.

ज्ञानदुरै सार आमचे विभागप्रमुख. चर्चला न चुकता जाणारे, आणि आयुधपूजेच्या चुरमुऱ्यांना आणि हरभऱ्याच्या सुंडलला त्याहून न चुकता येणारे. ते म्हणायचे, प्लॅटिनमच्या प्लेटा लावून हायड्रोजनचा कारखाना काढला तर कुंपण पुरणार नाही, शेजारी पोलीस चौकी बांधावी लागेल. त्यांनी इसक्कीला कोपऱ्यातली खोली दिली. तिथं तिनं निकेलच्या जाळीवर निकेल आणि मॉलिब्डेनमचा एक काळा लेप बसवला. दिसायला जळक्या दोशासारखा. पण काम असं करायचा, की प्लॅटिनमच्या अगदी पाठोपाठ जाऊन उभा राहायचा.

बाईचा स्वभाव कळावा म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या गावची मॅकरून प्रसिद्ध. काजू आणि अंड्याच्या पांढऱ्याची, तोंडात घातली की कुरकुरीत मोडणारी. एकदा तिनं घेतलेली मऊ निघाली. दुकानदार म्हणाला, हवाच दमट आहे ताई. दुसरी बाई असती तर भांडली असती. ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, कधी वरच्या बरणीतली घेतली, कधी खालच्या. आणि मग दुकानदाराला एका बरणीचं नवं झाकण आणून दिलं. झाकण बसल्यापासून हवा सुधारली म्हणतात.

तर अशा बाईचं यंत्र मी बंद केलं होतं.

ती सुट्टीला कुलदैवताच्या गावी गेली होती. परत आली तेव्हा मी दारात चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन उभा. सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. पूजेची जबाबदारी कायमची सोडतो असंही म्हणालो. तिनं पुडा घेतला, बटण दाबलं आणि आकड्यांकडे बघत बसली. बुडबुडे आले, पण दमेकऱ्यासारखे. तेवढ्याच हायड्रोजनला आता कितीतरी जास्त जोर लावावा लागत होता. संध्याकाळपर्यंत भांड्याच्या तळाशी काळ्या खपल्या जमल्या, जुन्या तव्याच्या निघतात तशा.

मी पुन्हा हात जोडले.

"हात राहू द्यात, अण्णाच्ची," ती म्हणाली. इथं थोरल्या भावाला अण्णाच्ची म्हणतात, आणि विभागात मलाही. "बटण दाबलंत तेव्हा तारा प्लेटांना जोडलेल्याच होत्या?"

"तारांना मी कशाला हात लावू? शॉक बसला असता तर?"

ती खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्या खपल्या चिमट्यानं उलट्यापालट्या करत राहिली. मग मला समजावून सांगितलं. बाहेरची वीज थांबली, पण तारा जोडलेल्या, तेव्हा दोन प्लेटांची आपसांत एक बॅटरी झाली. वीज उलटी वाहिली. आजवर हायड्रोजन देणारी प्लेट त्या उलट्या विजेनं गंजत गेली, लेपातलं मॉलिब्डेनम पाण्यात उतरलं आणि उरलेला लेप सुटा होऊन पडला. म्हणजे चालू असेपर्यंत ती प्लेट वाघ होती. मेली ती विश्रांतीत.

ज्ञानदुरै सारांनी मात्र दोन मिनिटांत तोड काढली. त्याच लेपाची दुसरी प्लेट कपाटात होतीच. ती आज लावायची, पोंगलपर्यंत अखंड चालवायची, आणि मला चंदनाच्या वाटीसकट दुसऱ्या मजल्यावर ठेवायचं. ही घाई उगाच नव्हती. या कामाला पैसा देणारी पवनचक्क्यांची कंपनी होती, तिला वाऱ्याच्या विजेवर हायड्रोजन काढायचा होता, आणि पोंगल झाला की तिची माणसं पाहायला येणार होती. पसंत पडलं तर कयत्तारच्या त्यांच्या चक्कीवर प्लेट बसणार. नाही पडलं तर काम बंद, कोपऱ्यातली खोली कॉम्प्युटरवाल्यांना, आणि इसक्की पुन्हा कोविलपट्टीला, त्याच कपाटाशेजारी. हेडमास्तर अधूनमधून फोन करून रजा कधी संपते ते विचारायचे, अगदी प्रेमानं.

सारांचं म्हणणं खोटं नव्हतं. जगभर सगळे असंच करतात. प्लेट लावतात, आठवडेच्या आठवडे चालवतात, आकड्यांची सरळ रेघ छापतात. मधेच बंद केली तर काय होतं, हे कुणी कुणाला विचारत नाही.

"चालेल सार," इसक्की म्हणाली. "पण कयत्तारला वारा पडला की काय करायचं? वाऱ्याला पुठ्ठा लावायचा?"

सार म्हणाले, कंपनीनं मागितलंय तेवढं दाखव. न मागितलेलं दाखवायला जाऊ नकोस.

"अण्णाच्चींनी नसतं बंद केलं, तर वाऱ्यानं केलं असतं," ती म्हणाली. "तेव्हा माफी मागायला समोर कुणी नसतं."

मला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, ते अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तिनं जे केलं त्यानं विभाग हादरला. कपाटातली दुसरी प्लेट लावली, ती झकास चालू लागली, सार खूश होऊन कॉफी प्यायला गेले, आणि तिनं आपल्या हातानं बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर तळाशी पुन्हा त्याच खपल्या. चांगली म्हणावी अशी एकही प्लेट आता शिल्लक नव्हती. सारांनी तिच्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं तर मला सांगायचे, आणि ती समोरच बसलेली असायची.

तिनं कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याचं नाव अरुणाचल पांडियन. त्याच्याकडून एका चक्कीची वर्षभराची नोंद मागवली, वारा कधी होता आणि कधी नव्हता याची. तो हसला म्हणे, की आजवर हे कुणी मागितलं नव्हतं. नोंद आली ती तिनं भिंतीला चिकटवली. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, वारा बैलासारखा ओढतो. मग सुस्तावतो. आमच्या इकडच्या पावसाळ्यात, दिवाळीच्या सुमाराला, तर जांभया देतो, सकाळी दोन फेऱ्या मारल्या की दुपारभर झोप. इसक्कीनं ठरवलं, आपली प्लेट या नोंदीप्रमाणे चालू होणार आणि या नोंदीप्रमाणे बंद पडणार.

पण तिला मधे कॉलेजचे वर्गही घ्यावे लागायचे. तेव्हा बटणाशी कोण बसणार? तिनं माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं माझी वाऱ्याच्या जागी नेमणूक झाली. जास्तीचा पगार नाही, पण हुद्दा मोठा. भिंतीवरचा कागद बघून मी पडायचो आणि भिंतीवरचा कागद बघून मी सुटायचो. पहिल्या दिवसांत मला त्या बुडबुड्यांची दया यायची. छान चाललंय बिचाऱ्यांचं, म्हणून मी कधी थोडा उशिरा बंद करायचो. तिनं आकड्यांवरून पकडलंच.

"अण्णाच्ची, दया करणारा वारा कयत्तारला नाही."

कॉलेजात तिचं नाव 'करंट-कट मॅडम' पडलं. वीज गेली की शेजारच्या विभागातून आवाज यायचा, इसक्की मॅडम आल्या वाटतं. ती म्हणायची, तुमचे पंखेसुद्धा एकदा परीक्षेला बसू देत. तिचा नवरा बंदरावर क्रेन चालवतो, अबोल माणूस. तो एकदा डबा द्यायला आला आणि बटणाशी बसलेला मी त्याला दिसलो. त्यानं मला खालून वर पाहिलं, आणि इतकंच म्हणाला, की घरी हे काम माझ्याकडे असतं.

त्या काळात तिनं काय काय करून पाहिलं ते लिहायचं तर माझ्या स्टोअरचं रजिस्टर इथं उतरवावं लागेल. लेप जाड केला. जाड खपल्या पडल्या. त्यात कथील घातलं. ते पोटॅशच्या पाण्यात विरघळून मोकळं झालं. मँगनीजचा थर दिला. तो टिकला, पण बुडबुडे रुसले. प्रत्येक वेळी जाळी ॲसिडनं धुवायची, नवा लेप बसवायचा, सुकवायचा, लावायची, आणि मग वारा, म्हणजे मी, येऊन तिचा जीव घ्यायचा. मला घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, वारा झालात ते झालात, भाताला तरी नाही म्हणू नका.

एक दिवस इसक्की आली ती वेगळ्याच तोऱ्यात. आजवर मी उलटी वीज अडवायला बघत होते, म्हणाली, ती अडणार नाही. तिला खायला दुसरं काहीतरी द्यायचं. रेल्वेत पूर्वी लोखंड आणि निकेलच्या बॅटऱ्या असायच्या, त्यातलं लोखंड रोज गंजायचं आणि रोज सावरायचं, वर्षानुवर्षं. तेव्हा लेपाच्या खाली लोखंडाचा एक सच्छिद्र थर घालायचा. वीज उलटली की आधी तो गंजेल. वीज आली की तो पुन्हा लोखंड होईल. मॉलिब्डेनमला धक्का नाही.

मी म्हटलं, जरा घरच्या भाषेत सांग.

"घरात राग कुणावर तरी निघणारच, अण्णाच्ची. मग आधीच एक जण ठरवून ठेवायचा. वाटेल ते बोला, संध्याकाळी तो मुकाट जेवायला बसतो."

"म्हणजे नवरा?"

"लोखंड."

पहिली लोखंडी प्लेट फुगली आणि वरचा लेप पापडासारखा उचलला गेला. लोखंड गंजताना जागा मागतं, हे तिला माहीत होतं, पण किती मागतं ते माहीत नव्हतं. तिनं थर पातळ केला. मग आणखी पातळ केला. मग इतका पातळ केला की एकाच दुपारच्या विश्रांतीत तो सगळा संपला आणि उरलेला मार पुन्हा मॉलिब्डेनमनं खाल्ला. मग परत थोडा वाढवला. पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना सुरू झाला होता. पहाटे दारोदारी रांगोळीचे मोठमोठे कोलम, देवळांतून भजनं, आणि आमच्या कोपऱ्यात निकेलच्या जाळ्यांचा ढीग. हेडमास्तरांचा फोन आला की ती मला द्यायची. मी सांगायचो, मॅडम वाऱ्याला गेल्यात.

आणि मग एक प्लेट टिकली. मी पडलो, मी सुटलो, आकडा जागेवर. मी भिंतीवरच्या कागदातला सगळ्यात लहरी आठवडा तिच्यावर चालवला, कारण आता माझाही इरेला पेटलेला स्वभाव जागा झाला होता. आकडा जागेवर. तळाशी एक खपली नाही.

ज्ञानदुरै सार येऊन बघून गेले. न बोलण्याचं व्रत त्यांनी तिथंच सोडलं, पण माणूस खरा, कौतुकात पाणी घालणारा नाही. म्हणाले, तुझी पहिली प्लेट प्लॅटिनमला टक्कर देत होती. हिला जोर जास्त लागतो. ही साधी आहे.

"पहिली हुशार होती सार," इसक्की म्हणाली. "ही रोज कामावर येते."

पोंगल झाला आणि कंपनीची माणसं आली. अरुणाचल पांडियन पुढं, मागं दोघं. सारांनी तयारी झकपक ठेवली होती: वडे, कॉफी, आणि मला सूचना की बटणापासून लांब राहा. भिंतीवर इसक्कीनं रेघ लावली होती. ती सरळ नव्हती. कंगव्यासारखी होती, खाचाच खाचा. पांडियननं विचारलं, या खाचा कसल्या? सारांच्या तोंडून निघून गेलं, की आमच्याकडे करंट कट फार.

"करंट कट नाहीत," इसक्की म्हणाली. "मीच बंद केलंय. तुमच्या चक्कीच्या नोंदीप्रमाणे." आणि डब्याकडे बोट केलं. "आता तुम्ही बंद करा."

सारांचा चेहरा मला बघवेना. पांडियनला वाटलं थट्टा आहे. पण ती बाजूला सरून उभी राहिली, बसमध्ये राहते तशी, आणि बघत राहिली. शेवटी त्यानं बटण दाबलं. बुडबुडे थांबले. ती म्हणाली, चला, जेवून येऊ.

केळीच्या पानावर नेहमीसारखंच सगळं होतं, पण कुणाचा हात चालेना. सार सांबारात बोट बुडवून बसले होते. पाहुणे घड्याळ बघत होते. इसक्कीनं मात्र दुसऱ्यांदा रसम वाढून घेतलं, वर ताकभात खाल्ला, आणि पापड कुणाला नको असेल तर इकडे द्या म्हणाली. कुलपातली तार, कोपऱ्यातली खोली, हेडमास्तरांचं प्रेम, सगळं त्या थांबलेल्या भांड्यात पडलेलं होतं, आणि बाई पापड मोडत होती. जेवण झाल्यावर तिनं सगळ्यांना बंदराच्या रस्त्यानं एक फेरी मारायला लावली, कारण तुमचा वारा काही आपल्या जेवणाच्या वेळा पाळत नाही, म्हणाली.

परत आलो. तिनं बटण दाबलं. आकडा सरकला, पण बुडबुडे जवळजवळ नाहीतच. एखादा चुकार वर यायचा तेवढाच. सारांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मला ठाऊक होतं की आधी लोखंड आपलं पोट भरतं, मग हायड्रोजनला वाट देतं. शेकडो वेळा मी ते पाहिलं होतं. तरीही त्या दिवशी मला ते खरं वाटेना. पांडियन तोंड उघडणार इतक्यात प्लेटेच्या खालच्या कडेला बारीक दाणे धरले. मग वर. मग सगळी जाळी पांढरी झाली आणि भांडं सोडा फुटावा तसं फसफसू लागलं. आकडा सकाळच्या जागेवर येऊन बसला.

पांडियन वाकून बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "आमच्या टाकीतल्या प्लेटा अशाच मरतात, मॅडम. आम्हाला वाटायचं पाणी खराब आहे. पाणी बदलून बदलून थकलो."

मागच्या दोघांपैकी एकानं विचारलं, ही जरा साधी आहे ना, जोर जास्त लागतो ना? पांडियननंच उत्तर दिलं, की मेलेल्या प्लेटेला जोर शून्य लागतो.

ठरलं ते असं. प्लेट घेणार, काम चालू राहणार, खोली राहणार. फक्त एक अट. इसक्कीची प्लेट होती तळहाताएवढी, आणि त्यांच्या टाकीला लागते ती घराच्या दाराएवढी. लोखंडाचा थर तेवढ्या दारावर सगळीकडे सारखा बसला पाहिजे, आणि आडीचा वारा सुटायच्या आधी ती कयत्तारला पोचली पाहिजे. जमेल? इसक्कीनं मान हलवली. आमच्याकडची मान, जी हो आणि नाहीच्या मधे कुठेतरी हलते. पण पांडियन इथलाच, त्याला ती हो कळली.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली. सारांनी उरलेले वडे सगळ्या विभागाला वाटायला सांगितले आणि स्वतःच दोन घेतले. कॉम्प्युटरवाल्यांनी खोलीचं माप घ्यायला आणलेली टेप मुकाट्यानं परत नेली. मला गहिवरून आलं होतं. इसक्की पायरीवर बसून पेन्सिलीनं कागदावर एक मोठा चौकोन काढत होती. मी शेजारी बसलो, नाक पुसलं, म्हटलं, काय गं इसक्की, आता तरी खूश आहेस ना?

"अख्खं दार बुडेल एवढा टब कुठं मिळतो ते सांगा, अण्णाच्ची."